रंग कुठला, हे आजींनी ठरवायचं : ज्येष्ठांसाठी आर्ट थेरपी म्हणजे नेमकं काय?

ऐंशी ओलांडलेल्या माणसाने दिवसभरात स्वतः ठरवलेल्या गोष्टी मोजून पाहा. चहात साखर किती, हे शुगरचा रिपोर्ट ठरवतो. आंघोळीची वेळ मदतनीस बाई ठरवतात. भाजीत मीठ किती हे डॉक्टर सांगतात, टीव्हीवर काय लागणार हे नातवंडं, आणि बँकेचे व्यवहार मुलाच्या मोबाइलवर होतात. यातलं बरंचसं प्रेमापोटी होतं आणि गरजेचंही असतं. तरी ज्या बाईने चाळीस वर्षं संसार ओढला, वेळेला पाटल्या मोडून मुलांच्या फिया भरल्या, तिच्याकडे संध्याकाळपर्यंत ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

अशा माणसापुढे कोरा कागद आणि रंग ठेवले की पहिल्याच मिनिटाला त्याला काहीतरी ठरवावं लागतं. रंग कुठला घेऊ? कुठून सुरुवात करू? झालं म्हणू की अजून थोडं काढू? उतारवयात आर्ट थेरपीचा उपयोग का होतो, याबद्दल जे वाचलं आणि जवळून पाहिलं, त्यात मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. चित्र देखणं होणं हा त्यातला फार लहान भाग आहे.

आधी ही पद्धत आली कुठून ते बघू. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षयरोगाने आजारी पडला आणि ससेक्स परगण्यातल्या मिडहर्स्टच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाला. क्षयावरची पहिली प्रभावी गोळी-सुई अजून यायची होती. त्या काळी उपचार म्हणजे चांगली हवा, खाणंपिणं आणि महिनोन्‌महिने पडून राहणं. हिल पडल्या पडल्या आसपासच्या वस्तूंची चित्रं काढू लागला. पुढे त्याने इतर रुग्णांना, मग युद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांना चित्र काढायला बसवलं. हात गुंतले की मनावरचं आजारपणाचं ओझं हलकं होतं, आणि जे बोलवत नाही ते कागदावर उतरतं, असं त्याच्या लक्षात आलं. ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्याने १९४२ मध्ये वापरलं. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसन या चित्रकाराने सरे परगण्यातल्या नेदर्न मनोरुग्णालयात रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला. तो शिकवत नसे, चुका दाखवत नसे. जागा, रंग आणि स्वतःची शांत सोबत, एवढंच तो द्यायचा. आज ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे नाव लावायला मान्यताप्राप्त शिक्षण आणि सरकारी नोंदणी लागते.

म्हणजे ही चित्रकलेची शिकवणी नाही. रोज सकाळी बागेत फिरायला जाणं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपी घेणं यात जो फरक आहे, तोच फरक हौशी चित्रवर्ग आणि आर्ट थेरपी यांच्यात आहे. दोन्ही चांगलंच. पण दुसऱ्यात समोर एक प्रशिक्षित माणूस असतो, त्याला तुमची तब्येत माहीत असते, आणि आज काय करायचं हे तो काहीतरी मनात धरून ठरवतो.

एक सत्र जवळून पाहू

समजा, एखाद्या वृद्धाश्रमातली सकाळ आहे. नाश्ता होऊन गेलाय. टेबल अशा उंचीचं, की व्हीलचेअर त्याच्या खाली सरकते. प्रत्येकासमोरचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून टेबलाला पक्का केलेला, कारण अर्धांगवायूने एक हात लुळा पडला असेल तर दुसऱ्या हाताने काढायचं आणि कागद धरायचाही, हे जमत नाही. ब्रशच्या दांड्यांना स्पंज नाहीतर चिंधी गुंडाळून त्या जाड केलेल्या, म्हणजे संधिवाताच्या बोटांना घट्ट मूठ वळावी लागत नाही. रंगाचं पाणी पसरट, रुंद तोंडाच्या बरणीत. पेल्यात किंवा कपात मुद्दामच नाही, कारण स्मृतिभ्रंश झालेलं माणूस ते चहा समजून तोंडाला लावू शकतं.

पहिलं वाक्य बहुतेक वेळा ठरलेलं असतं. “मला नाही हो येत चित्रकला. शाळेत ड्रॉइंगला कायम मागे असायची मी.” यावर ‘काहीही काढा’ म्हणून चालत नाही. इतकं मोकळं रान मिळालं की माणूस बिचकतं. थेरपिस्ट एक छोटं दार उघडून देते. “तुमच्या माहेरच्या परसात काय काय होतं?”

आजी बराच वेळ रंगांकडे बघतात. मग तपकिरी खडू उचलतात आणि एक वेडावाकडा गोल काढतात. त्यावर दोन उभ्या रेघा, एक आडवी. थेरपिस्ट काही बोलत नाही. दहा मिनिटांनी आजीच सांगतात, “हा रहाट. इथे पाणी शेंदायचो आम्ही दोघी बहिणी. ती गेली लवकर.” मग काळा खडू घेऊन गोलाच्या आतली जागा गच्च भरून काढतात.

हा काळा रंग पाहून ‘आजी खचल्या आहेत’ असा निष्कर्ष कुणी काढला, तर तो थेरपिस्ट शिकलेला नाही असं समजावं. काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, पिवळा म्हणजे आनंद असं कोष्टक या विषयात चालत नाही. विहीर खोल होती, आत अंधार होता, म्हणून काळा, इतकं साधंही असू शकतं. नसेलही. विचारायचं आजींना. “इथलं सांगाल का मला थोडं?” एवढंच. आणि आजी नको म्हणाल्या तर तिथे थांबायचं.

शाबासकीचंही तसंच आहे. ‘वा, किती छान!’ हे आपल्या तोंडून सहज निघतं. पण ते ऐकलं की पुढचं चित्र शाबासकीसाठी काढलं जातं, आणि शेजारच्या आजोबांना वाटतं, आपलं काही छान झालं नाही. त्यापेक्षा समोर जे दिसतंय ते बोलावं : “आज हिरवा बराच घेतलात.” तेवढ्याने माणूस बोलायला लागतं.

आपल्याकडच्या ज्येष्ठांच्या बाबतीत या न बोलता बोलण्याचं मोल जास्तच आहे. ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणणारे आजी-आजोबा मला क्वचितच भेटले. ते म्हणतात, अंगात त्राण नाही, काही गोड लागत नाही, रात्रभर डोळा लागत नाही, छातीत धडधडतं. तपासण्या होतात, रिपोर्ट बरे येतात, आणि घरचे म्हणतात की वयच झालंय आता. नवरा गेल्याचं, गाव सुटल्याचं, मुलगा परदेशी असल्याचं दुःख शब्दांत सांगायची सवय या पिढीला कुणी लावलीच नाही. त्यांना ‘तुम्हाला काय वाटतं?’ विचारून उत्तर येत नाही. ‘तुमच्या जुन्या घराचा दरवाजा कसा होता?’ विचारलं की येतं.

मेंदूत काय होतं?

स्मृती म्हणजे एकच एक कप्पा नसतो. आज सकाळी काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं, अशा घडामोडी साठवायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि अल्झायमरचा घाला सुरुवातीलाच तिथे पडतो. पण हातांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामांची स्मृती, म्हणजे पोळी लाटणं, टाका घालणं, सही करणं, ही बरीचशी वेगळ्या भागांवर अवलंबून असते. ते भाग तुलनेने उशिरापर्यंत शाबूत राहतात. म्हणून नातवाचं नाव विसरलेल्या आजींच्या हाती रांगोळीची वाटी दिली तर चिमूट बरोबर वळते आणि रेघ बरोबर सुटते. कुणी शिकवावं लागत नाही. हे पाहताना घरच्यांचे डोळे भरून येतात, कारण कित्येक महिन्यांनी त्यांना आई एखाद्या कामात वाकबगार दिसलेली असते.

भाषेचंही असंच. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याची केंद्रं डाव्या बाजूला असतात. तिथे पक्षाघाताचा झटका आला की शब्द जिभेवर येत नाहीत, पण समज आणि आठवणी असू शकतात. अशा माणसाला चित्र, खूण, एखादा कापून चिकटवलेला फोटो हा संवादाचा रस्ता होतो. झटका उजव्या बाजूला आला असेल तर वेगळीच अडचण येते : काही रुग्णांचं डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही आणि कागदाचा डावा अर्धा कोरा राहतो. हे ओळखता आलं पाहिजे, नाहीतर आपण त्याला आळस समजतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चित्र काढल्याने अल्झायमर बरा होत नाही आणि थांबतही नाही. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन चित्रकार विल्यम अटरमोलन यांना १९९५ मध्ये अल्झायमरचं निदान झालं. त्यानंतर काही वर्षं ते स्वतःचा चेहरा रंगवत राहिले. ती व्यक्तिचित्रं ओळीने पाहिली तर चेहऱ्याची ठेवण हळूहळू विस्कटत जाताना दिसते. अवकाशाचं भान, प्रमाण, तपशील, सगळं आजाराने नेलं. आयुष्यभर कसलेला हातसुद्धा आजार अडवू शकला नाही. तरी ते काढत राहिले, आणि आतून काय चाललंय याची जी नोंद त्यांनी मागे ठेवली ती कुठल्याही तपासणीच्या कागदावर सापडणार नाही.

पुरावा किती भक्कम आहे?

अमेरिकेतले वृद्धमानसतज्ज्ञ जीन कोहेन यांनी २००१ मध्ये वॉशिंग्टन, ब्रुकलिन आणि सॅन फ्रान्सिस्को इथे एक मोठा अभ्यास सुरू केला. ३०० ज्येष्ठ, सरासरी वय ८० च्या आसपास. निम्मे जण व्यावसायिक कलाकारांबरोबर नियमित गायन, चित्रकला, लेखन अशा उपक्रमांत सहभागी झाले, बाकीचे नेहमीसारखे राहिले. पुढे तुलना केली तेव्हा कलेत रमलेल्या गटात डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी, औषधं कमी, पडण्याचं प्रमाण कमी आणि एकटेपणाही कमी आढळला. याची कारणं कोहेन यांनी मुख्यतः दोन सांगितली : आपल्याला काहीतरी जमतंय, आपल्या हातात काहीतरी आहे ही जाणीव, आणि माणसांची संगत.

यातलं पहिलं कारण वाचताना मला त्याआधीचा एक गाजलेला प्रयोग आठवतो. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी कनेटिकटमधल्या एका वृद्धालयात दोन मजल्यांवरच्या रहिवाशांना वेगवेगळा निरोप दिला. एका मजल्यावर सांगितलं : खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तुम्ही ठरवा, हवं ते रोप निवडा आणि त्याची काळजी घ्या. दुसऱ्या मजल्यावर : आम्ही तुमचं सगळं बघू, हे रोप घ्या, पाणी नर्स घालेल. तीनच आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक आनंदी, अधिक तरतरीत दिसू लागली. त्या प्रयोगात रंग-ब्रश नव्हते. निवड होती. आर्ट थेरपीत तीच निवड मिनिटामिनिटाला मिळते.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये नुकत्याच निवृत्त झालेल्या २८ जणांवर झालेला २०१४ चा अभ्यासही महत्त्वाचा आहे. निम्म्या लोकांनी दहा आठवडे स्वतः चित्रं काढली, निम्म्यांनी तेवढाच काळ संग्रहालयात चित्रांवर चर्चा केली. मेंदूच्या काही भागांमधला ताळमेळ स्वतः काढणाऱ्यांमध्ये वाढलेला दिसला, नुसतं पाहून बोलणाऱ्यांमध्ये तसा दिसला नाही. लोक फार थोडे होते हे खरं, पण हात चालवण्याला वेगळं महत्त्व असावं असं यातून वाटतं.

पाहण्याचंही मोल आहेच. इंग्लंडमधल्या पन्नाशीपुढच्या ६,७१० लोकांचा १४ वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दर काही महिन्यांनी तरी संग्रहालय, नाटक, संगीताची मैफल अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये त्या काळात मृत्यूचा धोका ३१ टक्के कमी आढळला. पैसा, शिक्षण, आधीचे आजार यांचा हिशेब संशोधकांनी जमेल तितका लावला होता. तरी ज्यांचे गुडघे धड आहेत तेच नाटकाला जातात ही शंका पूर्ण फिटत नाही, त्यामुळे ‘नाटक पाहा, आयुष्य वाढवा’ असं मी म्हणणार नाही.

आणि आता सगळ्यांत कडक परीक्षा. वैद्यकीय पुराव्याची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये स्मृतिभ्रंशासाठी आर्ट थेरपीचे काटेकोर प्रयोग शोधले. निकषांत बसणारे दोनच मिळाले, दोन्हींत मिळून ६० माणसं. त्यातून उपयोग होतो किंवा होत नाही, काहीच ठामपणे सांगता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. हे मान्य करूनच पुढे जायला हवं. स्मृतिभ्रंश पळवून लावण्याची हमी देऊन कुणी महागडं पॅकेज विकत असेल तर त्याच्याकडे पाठ फिरवा. पण मन उल्हसित राहणं, एकटेपणा कमी होणं, दिवसाला एक आकार येणं यासाठी हा मार्ग धरायला तेवढा पुरावा पुरेसा आहे, असं माझं मत आहे. चालू औषधं मात्र सोडायची नाहीत.

आपल्याकडे काय करता येईल?

भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासातून आला. म्हणजे या वयाच्या शंभरातल्या सात-आठ जणांना. तितके प्रशिक्षित थेरपिस्ट आपल्याकडे नाहीत आणि लवकर होणारही नाहीत. पण गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, शहरांत महापालिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. तिथे कॅरम असतो, वर्तमानपत्रं असतात, भजन आणि हास्यक्लब असतात. रंगांचं एक कपाट मात्र क्वचितच दिसतं. ते असावं असं मला फार मनापासून वाटतं. खर्च एका सहलीपेक्षाही कमी येईल.

साहित्य परक्या देशांतून आणायला नको. जुन्या लुगड्यांचे तुकडे पुढ्यात ठेवा आणि गोधडीचा एक चौकोन जुळवायला सांगा. कुठला तुकडा कुठल्या शेजारी, यातच अर्धा तास जातो, आणि प्रत्येक तुकड्यामागे कुणाचं तरी लग्न, बारसं, बाळंतपण निघतं. शाडूची माती आणा. तिचा थंड, ओला स्पर्श दृष्टी अधू झालेल्यांनाही चालतो. चित्र काढायची भीती वाटणाऱ्यांना जुनी मासिकं आणि कॅलेंडरं द्या, कापायचं, चिकटवायचं.

पुरुष मंडळी हे पोरखेळ किंवा बायकी काम समजून लांब बसतात. त्यांच्याशी वेगळ्या वाटेने जावं. गिरणीत नोकरी केलेल्या आजोबांना म्हणा, तुमच्या चाळीचा नकाशा काढून द्या, नळ कुठे होता, जिना कुठे, गणपती कुठे बसायचा. एसटीत चालक असलेल्या काकांना त्यांचा रोजचा घाट काढायला सांगा, वळणांसकट. पट्टी मागून घेऊन कामाला लागतात, आणि चित्र काढतोय हे त्यांच्या ध्यानातही येत नाही.

घरी करायचं असेल तर सकाळची वेळ बरी. स्मृतिभ्रंशात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. अर्धा-पाऊण तास पुरे. उजेड भरपूर, चष्मा पुसलेला. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, त्यामुळे निळा, जांभळा आणि गडद हिरवा यांतला फरक कळेनासा होतो. मोतीबिंदू झालेल्या क्लोद मोने या थोर फ्रेंच चित्रकाराची त्या काळातली चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली होती, १९२३ मध्ये ऑपरेशन होईपर्यंत. तेव्हा आजींनी ‘चुकीचा’ रंग लावला तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. रंग पाण्यात विरघळणारे, बिनविषारी घ्या. टर्पेंटाइन नको. आणि लहान मुलांची फुलपाखरांची रंगवायची पुस्तकं कृपा करून आणू नका. ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्यांच्यापुढे बालवाडीचा कागद ठेवणं हा अपमान आहे, आणि त्यांना तो कळतो, शब्द हरवले असले तरी.

रंगवताना रडू आलं तर घाबरू नका, घाईने विषयही बदलू नका. पण रडणं रोजचं झालं, जेवण-झोप सुटली, ‘आता जगून काय करायचंय’ अशी भाषा येऊ लागली, तर तिथे घरगुती उपाय पुरत नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. थेरपिस्ट शोधत असाल तर शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं आणि ज्येष्ठांबरोबरचा अनुभव किती, हे तिन्ही प्रश्न न संकोचता विचारा.

झालेलं चित्र कुणाचं, हेही आधी ठरवून टाकलेलं बरं. ते काढणाऱ्याचं. फ्रेम करायचं का, भिंतीवर लावायचं का, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं का, हे आजींना विचारायचं. कौतुकाने फोटो काढून दुबईच्या मावशीपासून सगळ्यांना पाठवायचा मोह होतो, पण त्या काळ्या विहिरीत काय आहे हे सगळ्यांना कळावं अशी त्यांची इच्छा नसेल. “फाडून टाक ते” म्हणाल्या, तर कागद त्यांच्याच हातात द्यावा.